स्टुडंट थ्रिलर शॉर्टफिल्मचं एडिटिंग आणि साऊंड: फुटेज कॉपी करण्यापासून एक्सपोर्टपर्यंत

थ्रिलर एडिट करायला बसलात की एक प्रश्न समोर लिहून चिकटवा: या क्षणाला प्रेक्षकाला काय माहितीये आणि पात्राला काय माहितीये? कट कुठे मारायचा, शॉट किती धरायचा, आवाज आधी आणायचा की चित्र, म्युझिक लावायचं की नाही, या सगळ्याची उत्तरं शेवटी याच प्रश्नातून निघतात. प्लगिन, ट्रान्झिशन, भारीतलं कलर ग्रेडिंग हे सगळं त्याच्यानंतर. आणि दुसरी गोष्ट म्हणजे थ्रिलरमध्ये भीती अर्ध्याहून जास्त कानातून येते, त्यामुळे साऊंड म्हणजे शेवटच्या रात्री उरकायचं काम असं धरून चाललात तर चांगलं शूट केलेली फिल्मसुद्धा पडते. खाली मी कामाच्या क्रमाने लिहितोय, म्हणजे वाचत वाचत करता येईल.

आधी फाइल्स नीट लावा

कंटाळवाणं काम आहे पण हे चुकलं की पुढे सगळंच अडतं. कार्डवरचा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा, आतल्या क्लिप्स निवडून निवडून ओढू नका. एकूण तीन कॉपी हव्यात, त्यातल्या दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक वेगळ्या जागी, म्हणजे मित्राकडे किंवा क्लाउडवर. कॉपी झाल्यावर दोन-चार क्लिप उघडून शेवटपर्यंत चालतात का बघा आणि मगच कार्ड फॉरमॅट करा.

फोल्डर साधे ठेवा: फुटेज, ऑडिओ, म्युझिक, साऊंड इफेक्ट, ग्राफिक्स, प्रोजेक्ट, एक्सपोर्ट. प्रोजेक्ट फाइलला 'फायनल', 'फायनल नवीन', 'एकदम फायनल' अशी नावं देऊ नका, तारीख आणि व्हर्जन नंबर टाका.

मग फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स. शूट २४ वर झालंय की २५ वर ते बघा आणि टाइमलाइन तीच ठेवा, आणि हे फुटेज आत टाकायच्या आधी ठरवा, कारण डाविंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टचा फ्रेम रेट नंतर बदलायला गेलात तर तो बदलू देत नाही. मोबाईलवर शूट केलं असेल तर जास्तच लक्ष द्या. बरेच फोन व्हेरिएबल फ्रेम रेटने रेकॉर्ड करतात, म्हणजे प्रत्येक सेकंदाला फ्रेम्सची संख्या थोडी थोडी बदलत राहते, आणि मग वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज सुरुवातीला ओठांशी बरोबर जुळतो पण तीन-चार मिनिटांच्या टेकमध्ये हळूहळू सरकायला लागतो आणि तुम्ही डोकं धरून बसता. उपाय सोपा आहे, हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर या फुकट सॉफ्टवेअरमधून सगळ्या क्लिप्स आधी कॉन्स्टंट फ्रेम रेटला बदलून घ्या. ऑडिओ ४८ किलोहर्ट्झला ठेवा, व्हिडिओचं काम त्यावरच चालतं.

लॅपटॉप साधा असेल तर प्रॉक्सी, म्हणजे क्लिप्सच्या हलक्या कॉपी, बनवा. फोर के फुटेज अडखळत चालत असेल तर तुम्हाला कटचा ऱ्हिदम कळणारच नाही, तुम्ही सॉफ्टवेअरच्या अडखळण्यालाच ऱ्हिदम समजून बसाल.

सॉफ्टवेअर कुठलं यावर फार वेळ घालवू नका. रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन शॉर्टफिल्मला पुरून उरतं, एडिट, कलर आणि फेअरलाइट म्हणजे साऊंडचं पेज सगळं एकाच ठिकाणी आहे. प्रीमियर येत असेल तर तेच वापरा. जे, के, एल (मागे चालवा, थांबवा, पुढे चालवा) या तीन की आणि इन-आउट म्हणजे क्लिपची सुरुवात-शेवट ठरवायला आय आणि ओ, एवढं हाताला बसलं तरी स्पीड दुप्पट होतो.

सिंक आणि सगळं फुटेज बघणं

क्लॅप दिली असेल तर क्लॅप बंद होतानाची फ्रेम आणि आवाजातला तो उंच टोकदार पीक जुळवा. नसेल दिली तर कॅमेऱ्याच्या माइकचा आवाज आणि रेकॉर्डरचा आवाज वेव्हफॉर्मवरून (आवाजाच्या लाटांच्या चित्रावरून) आपोआप जुळवायची सोय आता जवळपास सगळीकडे आहे. ऑटो सिंकवर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवू नका, प्रत्येक टेकची सुरुवात आणि शेवट दोन्ही बघा.

मग सगळं फुटेज बघायचं. सगळं म्हणजे सगळं, खराब टेकसुद्धा. थ्रिलरसाठी माझा आग्रह आहे की 'अ‍ॅक्शन' म्हणायच्या आधीचे आणि 'कट' म्हटल्यानंतरचे सेकंद नक्की बघा. नट अजून अभिनय सुरू करायचाय म्हणून शांत उभा असतो, कुठेतरी शून्यात बघत असतो, आणि नेमका तोच चेहरा तुम्हाला पुढे 'काहीतरी ऐकू आलं' या जागी लागतो. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी हेच दाखवून दिलं होतं, एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या वाटीनंतर, शवपेटीनंतर आणि एका बाईच्या शॉटनंतर लावला तर बघणाऱ्याला त्यात भूक, दुःख आणि आकर्षण असं वेगवेगळं दिसतं. म्हणून ज्या टेकमध्ये नट घाबरल्याचा अभिनय जोरात करतोय त्यापेक्षा ज्यात तो फार काही करत नाहीये तो टेक थ्रिलरमध्ये बऱ्याचदा जास्त चालतो. बाजूला मार्कर लावत जा आणि लावताना कारण लिहा: 'नजर चांगली', 'हात थरथरतोय', 'शेवटी श्वास ऐकू येतो' असं.

पहिली जुळणी

स्क्रिप्टच्या क्रमाने सगळे सीन एकामागोमाग लावून टाका. शॉट लांब राहू द्या, बारीक कट नको, म्युझिक तर अजिबात नको. ही जुळणी लांबलचक आणि रटाळ होणार, सात मिनिटांची फिल्म बारा मिनिटांची होईल, होऊ द्या. हिचा उपयोग एवढाच की गोष्ट कुठे अडतेय, काय शूट करायचं राहिलंय आणि कुठला सीन मुळात नकोच आहे ते कळावं. काही राहिलं असेल तर पिकअप शॉट आत्ताच घेऊन टाका, लोकेशन आणि नटाचे केस तसेच आहेत तोपर्यंत.

एक सीन जवळून बघू

एकटी राहणारी मुलगी रात्री घरी येते. टेबलावर कप आहे आणि कपातून वाफ निघतेय. म्हणजे घरात कुणीतरी आहे. तुमच्याकडे पाच शॉट आहेत: ती दार उघडून आत येते, चप्पल काढते तो वाइड, बॅग ठेवून लाईट लावते, फोन चार्जिंगला लावते तो मिड, कपाचा क्लोजअप, तिचा चेहरा, आणि आतल्या खोलीचं अर्धवट उघडं दार.

पहिली पद्धत. वाइड, मिड, ती वळते आणि थांबते, चेहरा, मग कप, मग दार. इथे प्रेक्षकाला तिच्याबरोबरच कळतं. धक्का बसतो, पण तो कपाचा शॉट आला की संपतो.

दुसरी पद्धत. सीनची सुरुवातच कपाने करा. रिकामं घर, वाफ, चार-पाच सेकंद काही होत नाही, मग बाहेरून किल्लीचा आवाज. आता ती आत येऊन चप्पल काढते, फोन चार्जिंगला लावते, आणि ही सगळी साधी कामं प्रेक्षकाला असह्य व्हायला लागतात कारण त्याला माहितीये आणि तिला नाही. तेच शॉट आहेत, एकही नवा नाही, फक्त क्रम बदलला आणि जीव टांगणीला लागला. आता तिला कप दिसायला जितका वेळ लावाल तेवढा ताण वाढतो, म्हणजे जो बॅग ठेवण्याचा शॉट तुम्ही पहिल्या पद्धतीत दोन सेकंदात उडवला असता तो इथे आठ सेकंद धरता येतो.

तिसरी पद्धत. कप दाखवायचाच नाही. ती आत आली, लाईट लावला, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, आणि आतून चमचा कपावर आपटल्याचा बारीकसा टिंग असा आवाज. ती थिजते. कट करू नका. इथे कट न करणं हाच निर्णय आहे, कारण प्रेक्षकाला दाराकडे बघायचंय आणि तुम्ही बघू देत नाहीये.

कुठली पद्धत बरोबर हे तुमच्या गोष्टीवर आहे. पुढे मोठा धक्का यायचा असेल तर इथे दुसरी वापरा, आणि प्रेक्षकाने तिच्याच डोक्यात राहावं असं वाटत असेल तर तिसरी. पण प्रत्येक सीनला असे दोन-तीन क्रम लावून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, टाइमलाइनची डुप्लिकेट करायला काही लागत नाही.

रफ कटमध्ये (जुळणीनंतरच्या कच्च्या कटमध्ये) काय काय बघायचं

जागा समजली पाहिजे. दार कुठे, खिडकी कुठे, ती कुठे उभी आहे हे प्रेक्षकाला आधी शांतपणे कळलं असेल तरच नंतर अंधारात तो दाराकडे बघून घाबरेल. स्टुडंट फिल्म्समध्ये सगळा पाठलाग क्लोजअपमध्ये कापलेला असतो आणि कोण कुणाच्या मागे आहे तेच समजत नाही, मग गोंधळ होतो, ताण होत नाही. पळणारा डावीकडून उजवीकडे जातोय तर मागचाही त्याच दिशेने जायला हवा, आणि मधे मधे दोघं एका फ्रेममध्ये दिसले पाहिजेत म्हणजे अंतर कमी होतंय ते दिसेल.

सगळे कट फास्ट म्हणजे थ्रिल, हा गैरसमज सोडा. ताण आधी लांब शॉट्समध्ये साठतो आणि फास्ट कटमध्ये फुटतो. आधी साठवलंच नाही तर फुटणार काय? एक करून बघा, सगळ्या शॉट्सची लांबी टाइमलाइनवर नुसती नजरेने बघा. सगळे तुकडे साधारण सारखेच दिसत असतील तर ऱ्हिदम सपाट आहे. काही लांब, मग अजून लांब, मग तीन छोटे, मग परत एक लांब असं दिसायला हवं.

कट शक्यतो हालचालीवर मारा, मान वळायला लागली की कट, हात दाराच्या मुठीपर्यंत पोचायच्या आत कट, म्हणजे कट दिसत नाही. आणि आधीच्या शॉटमध्ये प्रेक्षकाचे डोळे फ्रेमच्या ज्या कोपऱ्यात आहेत तिथेच पुढच्या शॉटची महत्त्वाची गोष्ट आली तर डोळ्यांना शोधावं लागत नाही. दचकवायचं असेल तर मुद्दाम उलटं करा, डोळे डावीकडे अडकवून ठेवा आणि उजवीकडून आणा.

रिअ‍ॅक्शन शॉट पाच-सहा फ्रेम जास्त धरून बघा. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर सहा फ्रेम म्हणजे पाव सेकंदसुद्धा नाही, पण तेवढ्यात पापणी हलते, गिळल्याचं गळ्यावर दिसतं, आणि कट पूर्ण वेगळा वाटतो. असा फ्रेम फ्रेमचा खेळ शेवटी खेळायचा, आधी सीनचा क्रम पक्का करा.

जे कट आणि एल कट तर रोजच्या वापरातलं. पुढच्या शॉटचा आवाज आधी सुरू होतो तो जे कट, आधीच्या शॉटचा आवाज पुढच्यावर चालू राहतो तो एल कट. थ्रिलरमध्ये जे कटची किंमत जास्त, कारण आवाज आधी आला की प्रेक्षक चित्राची वाट बघायला लागतो. दुसऱ्या पद्धतीत किल्लीचा आवाज रिकाम्या घराच्या शॉटवर येतो तो हाच.

क्लू आणि ट्विस्टचं तुम्हाला स्वतःला काहीच कळणार नाही, कारण तुम्हाला उत्तर माहितीये. त्यासाठी स्क्रिप्ट न वाचलेले तीन-चार जण बसवा आणि बघताना त्यांच्या तोंडाकडे बघा. नंतर 'आवडली का' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'कुणावर संशय आला आणि कधी', 'कप बघून काय वाटलं', 'कुठे कंटाळा आला' असं विचारा. संशय फार लवकर आला तर क्लूचा शॉट छोटा करा किंवा त्याच वेळी संवाद चालू ठेवा म्हणजे लक्ष वाटलं जातं. कुणालाच काही कळलं नाही तर तो शॉट सेकंदभर जास्त धरा. ट्विस्ट कळल्यावर 'अरे हो, ते दिसलं होतं' असं वाटायला हवं, फसवल्यासारखं नको.

पिक्चर लॉक

लॉक म्हणजे लॉक. यानंतर एक फ्रेमसुद्धा हलवायची नाही, कारण साऊंड वेगळा माणूस करत असेल तर एका फ्रेमच्या बदलाने त्याचं पुढचं सगळं सरकतं. फक्त एक सांगतो, लॉक होईपर्यंत पूर्ण मुक्याने कापू नका. दाराची करकर, पावलं, फोनची व्हायब्रेशन असे महत्त्वाचे आवाज रफ कटमध्येच कच्चे का होईना टाका, नाहीतर शॉट किती धरायचा याचा अंदाज चुकतो. कच्चं म्युझिक मात्र टाळाच. त्याची सवय लागते, त्याच्या ठोक्यावर कट बसतात, आणि मग ते वापरायची परवानगी नसते.

साऊंडवाल्याला काय द्यायचं? टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळ) दिसणारा एक हलका व्हिडिओ, आणि टाइमलाइनवरचा ऑडिओ दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेणारी एएएफ फाइल ज्यात प्रत्येक ऑडिओ क्लिपला दोन्ही बाजूंनी दोन-तीन सेकंदांचं जास्तीचं हँडल असेल. फिल्मच्या पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा बीप ठेवा. फायनल मिक्स परत आला की तो बीप जुळवला की सगळं जुळलं. सगळं तुम्हीच करणार असाल तरी टाइमलाइनची कॉपी करा आणि साऊंडचं काम त्या कॉपीवर करा.

साऊंड: आधी डायलॉग

ट्रॅक वेगळे ठेवा. डायलॉग, फॉली (चित्र बघत स्वतः केलेले पावलं, कपडे असे आवाज), इफेक्ट, अँबियन्स (त्या जागेचा मागे चालणारा आवाज), म्युझिक, प्रत्येकाचे दोन-तीन ट्रॅक आणि त्यांना रंग.

डायलॉगच्या प्रत्येक कटवर दोन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज मिटत दुसरा वर येणं) लावा, नाहीतर टिक टिक ऐकू येते. मग मधल्या फटी. एका शॉटमध्ये पंख्याची घरघर आहे, दुसऱ्यात नाही, कट झाला की आवाज बदलतो आणि प्रेक्षकाला न सांगता कळतं की हे जोडलंय. म्हणून रूम टोन लागतो, म्हणजे लोकेशनवर सगळ्यांनी गप्प उभं राहून रेकॉर्ड केलेली तीस सेकंद ते मिनिटभराची शांतता. ती घेतली नसेल तर टेकमधल्या संवादांच्या आधीमधी जे रिकामे सेकंद असतात तेच कापून जोडा. थ्रिलरमध्ये याला जास्त महत्त्व आहे कारण तुमच्या अर्ध्या सीनमध्ये कुणी बोलतच नाहीये, आणि ती 'शांतता' सुद्धा तुम्हालाच बनवायचीये. पूर्ण झिरो आवाज ठेवला तर प्रेक्षकाला स्पीकर बंद पडला असं वाटतं.

सफाई करताना आधी ८० हर्ट्झच्या खालचं हाय पास फिल्टरने काढा, बाईचा किंवा मुलीचा आवाज असेल तर १०० पर्यंत जाऊन बघा. विजेची गुणगुण असेल तर तुमच्याकडच्या सप्लायप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झवर आणि त्याच्या पटीत अरुंद नॉच (फक्त तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावा. नॉइज रिडक्शन हात राखून वापरा. जास्त झालं की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं, त्यापेक्षा थोडी घरघर राहिलेली परवडली, ती अँबियन्सखाली झाकता येते. संवाद मुळातच गेला असेल तर नटाला बोलवून डब करा, पण माइक शूटमध्ये जेवढ्या अंतरावर होता तेवढ्याच अंतरावर धरा, आणि तो पळत असतानाचं वाक्य असेल तर आधी त्याला जागेवर उड्या मारायला लावा.

फॉली

हे स्वतः करा. पावलं, कपड्यांची सळसळ, किल्ली, बॅगची चेन, श्वास. जाड पडदे किंवा कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर रेकॉर्ड केलं की खोलीचा घुमणारा आवाज कमी होतो. चित्र समोर चालू ठेवून, ते बघत बघत करा. पावलं करताना नुसती टाच आपटू नका, टाच, मग चवडा, मग थोडा घासल्याचा आवाज असं यायला हवं, आणि घाबरलेल्या माणसाची पावलं एकसारखी नसतात, मधेच अडखळतात.

जी गोष्ट पडद्यावर दिसत नाही तिची फॉली सगळ्यात कामाची. आतल्या खोलीत फळीवर वजन पडल्याचा आवाज, बंद दारामागचा श्वास. दारापलीकडचा आवाज करायचा असेल तर लो पास फिल्टरने वरची फ्रिक्वेन्सी कापा, साधारण ८०० हर्ट्झपासून सुरू करून कानाने ठरवा, आणि खोलीला शोभेल असा थोडा रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) द्या. त्याहून चांगलं म्हणजे तो आवाज खऱ्या खोलीत स्पीकरवर लावा आणि बाहेर दार बंद करून परत रेकॉर्ड करा. कुठलंही प्लगिन इतकं खरं वाटत नाही.

अँबियन्स आणि शांतता

एका जागेला तीन थर द्या. लांबचा, म्हणजे बाहेरचा रस्ता किंवा वारा. जवळचा, म्हणजे फ्रीज, घड्याळ, पंखा. आणि तिसरा म्हणजे अधूनमधून येणारा एखादा सुटा आवाज, कुत्रं, पाईपातलं पाणी, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची.

आता कपाच्या सीनवर परत या. सीन सुरू होतो तेव्हापासून फ्रीजची गुणगुण चालू ठेवा, फार मोठी नाही, कुणाचं लक्ष जाणार नाही एवढीच. मुलगी आत येते, चप्पल काढते, बॅग ठेवते. तिला कप दिसतो त्याच्या साधारण दोन सेकंद आधी फ्रीज बंद होऊ द्या, जसा तो खरा होतो तसा, थोडा थरथरून. इतका वेळ जे ऐकू येतंय हेच माहीत नव्हतं ते थांबलं की कान टवकारतात. आता तिच्या कपड्यांची सळसळ सुद्धा मोठी वाटते. मग चमच्याचा टिंग. इथे एकही 'स्केरी' साऊंड वापरलेला नाही, म्युझिक नाही, आणि तरी मला हा सगळ्यात भीतिदायक मार्ग वाटतो, कारण घरी रात्री एकटं असताना आपण असेच घाबरतो.

दचकवण्याचं गणितही हेच. धाडकन आवाज किती मोठा आहे यापेक्षा त्याच्या आधी किती कमी होतं यावर सगळं आहे. सेकंद-दीड सेकंद आधी अँबियन्स हळूच खाली घ्या, मग कट आणि हिट एका फ्रेमवर. एक फ्रेम इकडे तिकडे सरकवून बघा, फरक कळतो. पण असं सात मिनिटांत एकदा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा प्रेक्षक तयारच बसलेला असतो.

ड्रोन, रायझर, म्युझिक

ड्रोन म्हणजे तो खालच्या पट्टीतला सतत चालणारा घुमारा. स्वतः बनवता येतो, पंख्याचा किंवा गाडीच्या इंजिनचा आवाज चारपट स्लो करा, पिच खाली घ्या, लांब रिव्हर्ब द्या, झालं. मात्र एक अडचण आहे, बहुतेक लोक फिल्म फोनवर बघणार आणि फोनचा स्पीकर खालच्या फ्रिक्वेन्सी वाजवतच नाही, म्हणजे तुमचा ४० हर्ट्झचा ड्रोन तिथे अस्तित्वातच नसतो. म्हणून त्याची एक कॉपी घेऊन दोन-तीन ऑक्टेव्ह वर न्या किंवा तिच्यावर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित खरखरीत करून वरचे सूर आणणारा इफेक्ट) लावा आणि हळू आवाजात मूळ ड्रोनसोबत चालवा.

कुठलाही आवाज येण्याआधी त्याची चाहूल, म्हणजे हळूहळू चढत जाणारा रायझर, हवा असेल तर रिव्हर्स रिव्हर्ब करा: क्लिप उलटी करा, लांब रिव्हर्ब लावून रेंडर करा, परत उलटी करा. दार आपटण्याआधी, नावाने हाक मारण्याआधी छान बसतो.

म्युझिक प्रेक्षकाला सांगतं की आता घाबर. म्हणून ते धोक्याच्या आधी सुरू करू नका, आणि ज्या सीनमध्ये चित्र आणि आवाज काम करतायत तिथे लावूच नका. मी तर म्हणेन आधी पूर्ण फिल्म म्युझिकशिवाय उभी करा, मग जिथे खरंच पोकळी वाटते तिथेच टाका. हक्कांचं बघा. फ्रीसाउंड या फुकट आवाजांच्या साइटवरच्या क्लिप्सना वेगवेगळी लायसन्स असतात, सीसी झिरो असेल तर मोकळेपणाने वापरा, अ‍ॅट्रिब्युशन असेल तर क्रेडिटमध्ये नाव द्यावंच लागतं, आणि नॉन कमर्शियल असेल तर पुढे फिल्म विकायची किंवा मॉनेटाइज करायची झाली की अडकता. डाउनलोड करतानाच एका शीटमध्ये फाइलचं नाव, कुणाची, लायसन्स कुठलं हे लिहून ठेवा.

मिक्स

डायलॉगपासून सुरू करा. संवादाचे पीक साधारण उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा आणि बाकी सगळं त्याच्याभोवती बसवा. संवाद चालू असताना म्युझिक आणि ड्रोन खाली घ्या, आणि नुसतं व्हॉल्यूम नाही तर ड्रोनमधून २ ते ४ किलोहर्ट्झचा भाग थोडा कापला की शब्द स्वच्छ वर येतात. यूट्यूबवर टाकणार असाल तर एकूण लाउडनेस उणे १४ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणा मोजायचं एकक) जवळ आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे १ डीबीच्या खाली ठेवा. उणे १४ पेक्षा मोठं केलंत तर यूट्यूब ते खाली खेचतं, फायदा काही नाही. आणि तो आकडा गाठायच्या नादात लिमिटर (ठरावीक पातळीवर आवाज अडवणारं प्लगिन) लावून सगळं सपाट करू नका. थ्रिलरला हळू आणि मोठा यातलं अंतर लागतं, ते गेलं की दचकणंही गेलं. थोडं हळू राहिलं तरी चालेल.

मिक्स हेडफोनवर, लॅपटॉपवर, फोनवर आणि जमलं तर मोठ्या स्पीकरवर ऐका. एकदा स्क्रीन बंद करून नुसती ऐका, गोष्ट अर्धीअधिक कळायला हवी. एकदा आवाज बंद करून नुसती बघा.

कलर आणि एक्सपोर्ट

कलरबद्दल थोडक्यात: आधी सगळे शॉट एकमेकांशी जुळवा, मग लुक. रात्रीचे सीन लॅपटॉपवर जेवढे काळे दिसतात त्यापेक्षा प्रोजेक्टरवर अजून काळे होतात, म्हणून स्कोपकडे (उजेड आणि रंग मोजून दाखवणाऱ्या आलेखाकडे) बघा आणि चेहऱ्याची एक बाजू तरी दिसू द्या. अंधारात ग्रेन, म्हणजे चित्रातले दाणे, उसळलं असेल तर शॅडो उचलू नका, खाली दाबा.

एक्सपोर्ट ऑनलाइनसाठी एच.२६४, १०८० पी, टाइमलाइनच्याच फ्रेम रेटला, १५ ते २० एमबीपीएस, ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ एएसी ३२०. शिवाय एक प्रोरेस ४२२ एचक्यू मास्टर (जास्त दर्जाची मोठी फाइल) काढून ठेवा, फेस्टिव्हलने दुसरा फॉरमॅट मागितला तर त्याच्यावरून बनवता येतं. सबटाइटलची एसआरटी फाइल वेगळी ठेवा, चित्रावर छापू नका. आणि सबटाइटल करताना लक्ष द्या, वाक्य बोललं जायच्या आधी स्क्रीनवर आलं तर तुमचा ट्विस्ट आधीच वाचून होतो, त्या एका ओळीची वेळ हाताने लावा.

मिक्सचे डायलॉग, इफेक्ट आणि म्युझिक असे तीन वेगळे स्टेम (वेगवेगळ्या ऑडिओ फाइल) काढून मास्टरसोबतच ठेवा, उद्या एखाद्या गाण्याची परवानगी नाकारली गेली तर फक्त म्युझिक बदलून दोन तासांत नवीन मास्टर निघतो. मग एक्सपोर्ट झालेली फाइल, टाइमलाइन नाही, फाइल, दुसऱ्या मशीनवर पहिल्या फ्रेमपासून क्रेडिट संपेपर्यंत सलग बघा. मधेच एखादी काळी फ्रेम, ऑफलाइन क्लिपचा लाल पट्टा, म्यूट राहिलेला ट्रॅक हे सगळं तिथेच सापडतं.